उरल्यासुरल्याचं पुडिंग

शुक्रवारी दुपारी शेवटची खेप ओव्हनमधून काढून झाल्यावर तिने ॲप्रनला हात पुसले आणि फोन उघडला. अनोळखी नंबरावरून निरोप होता : 'मावशी, मी बटण. ओळखलंस का?'

ती पिठाच्या पोत्यावरच बसली. शेजारी लोणी तोलणाऱ्या मुलीने विचारलं, "काय हो, बरं नाही का?"

"बरं आहे. पाय दुखतात," ती म्हणाली आणि निरोप परत वाचला.

दोन बहिणींतली ती धाकटी. वय चौपन्न. शहरातल्या या बेकरीत गेली वीस वर्षं गोडाचा सगळा विभाग तिच्याकडे होता. क्रोसाँ, डॅनिश, दालचिनीचे रोल, सगळं तिच्या हाताखालून जायचं आणि मगच काचेच्या कपाटात. मालकीणबाई गिऱ्हाइकांना सांगायच्या, "आमच्याकडे नजर ठेवायला एक बाई आहेत, त्यांच्या डोळ्यांतून वाकडा रोल सुटत नाही." घरी ती एकटीच असायची. लग्न झालं होतं, चार वर्षं टिकलं, आणि दोघांनीही फार आरडाओरडा न करता सोडून दिलं.

बटण म्हणजे थोरल्या बहिणीची मुलगी. ताईला ती उशिरा झाली. जन्मली तेव्हा तिच्याकडे बघून धाकटीच म्हणाली होती, "अगं, हे नाक आहे की शर्टाचं बटण?" नाव तिथून चिकटलं. धाकटीने तिला शेवटची पाहिली तेव्हा ती चार वर्षांची होती आणि टेबलाखाली बसून कोणाचे तरी बूट घालत होती. त्याला एकोणीस वर्षं झाली. या एकोणीस वर्षांत दोघी बहिणी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या घरातून आपलं सगळं पुसलं गेलं असणार, असं धाकटीने धरून ठेवलं होतं. आणि पोरगी तर तिनेच दिलेलं नाव सांगत होती.

पुढच्या निरोपांतून कळलं ते असं : बटणला इथल्या इस्पितळात एक्स-रे विभागात प्रशिक्षणाची जागा मिळाली होती, पण हॉस्टेलचे पाण्याचे पाइप फुटले होते आणि खोली तीन आठवड्यांनी मिळणार होती. 'बाबांकडे तुझा नंबर होता. येऊ का?'

धाकटीने लिहिलं, 'ये.' मग बराच वेळ अंगठा तसाच धरून शेवटी विचारलं, 'आईला माहीत आहे?'

'हो.'

'काय म्हणाली?'

'काही नाही म्हणाली.'

काही नाही म्हणाली, म्हणजे नको म्हणाली नाही. धाकटी तेवढ्यावर दोन दिवस जगली. पडदे धुतले, बाहेरच्या खोलीतला सोफा उघडून त्याची टोचणारी स्प्रिंग जुन्या टॉवेलाने बांधली, आणि दोन प्रकारचे साबण आणले, कारण हल्लीच्या मुलींना काय लागतं हे तिला ठाऊक नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी बटण आली. उंच, सावळी, खांद्याला दोन पिशव्या, आणि नाक आता चांगलं धारदार. पण दार लोटून घेताना तिने टाच मागे नेऊन ते हलकेच बंद केलं, आणि धाकटी बघतच राहिली. ताई असंच दार लावायची. दोन्ही हातांत पिशव्या असल्या की टाचेने.

"बघतेस काय अशी?" बटण हसली. "आईसारखी दिसते ना? सगळे म्हणतात."

"दिसत नाहीस," धाकटी म्हणाली. "चहा घेणार का कॉफी?"

पोरगी बोलघेवडी निघाली. इस्पितळातले डॉक्टर, बसमध्ये भेटलेली बाई, वरच्या मजल्यावर शिलाई करणारे शिंपीकाका, ज्यांच्याशी तिची पहिल्याच दिवशी जिन्यात ओळख झाली, सगळ्यांबद्दल ती बोलायची. तीन दिवसांत तिला इमारतीतली जितकी माणसं ठाऊक झाली तितकी धाकटीला वीस वर्षांत नव्हती. एकदा जेवताना फोन पुढे करून म्हणाली, "आईचे फोटो दाखवू? मागच्या महिन्यातलेच आहेत."

"नको," धाकटी पटकन उठली. "गॅसवर दूध आहे."

गॅसवर काही नव्हतं. बटणला ते दिसत होतं. तिने फोन उलटा ठेवला आणि सूप संपवलं.

धाकटीला फोटो बघायचा नव्हता असं नाही. रोज रात्री दिवा मालवला की तो फोन पलीकडच्या खोलीत आहे, त्यात ताई आहे, मागच्या महिन्यातली, एवढंच तिच्या डोक्यात असायचं. पण फोटोत ताई हसत असली तर ते सोसलं नसतं. आणि हसत नसली तर त्याहून नाही.

शनिवारी बेकरी बंद होताना काचेच्या कपाटात बरंच उरलं होतं. सहा क्रोसाँ, जर्दाळूची तीन डॅनिश, चार दालचिनीचे रोल, फ्रूटकेकची एक कड. एरवी हे असलं सगळं कामाला असलेली माणसं वाटून घ्यायची. धाकटी आपला वाटा शिंपीकाकांना देऊन टाकायची. त्या दिवशी मात्र तिने कागदी पिशवी पुढे केली. "आज मला द्या. घरी माणूस आहे."

बटणने पिशवीत डोकावून पाहिलं आणि तिचा चेहराच उजळला. "अरे वा! उद्या उरलंसुरलं करायचं?"

धाकटीचा हात किल्ल्या अडकवण्याच्या खिळ्यावरच थांबला. "काय म्हणालीस?"

"उरलंसुरलं. आमच्याकडे दर रविवारी असतं. शनिवारी उरलेली पेस्ट्री आई घेऊन येते, तिचे तुकडे करून त्यात दूधअंडी घालून भाजते. का? तुम्ही दुसरं काही म्हणता?"

"नाही," धाकटी म्हणाली. "तेच म्हणतो."

ते नाव दोघी बहिणींनीच ठेवलं होतं. धाकटी वीस वर्षांची, ताई पंचविशीतली, दोघी गावातल्या एकाच छोट्या बेकरीत कामाला. शनिवारी जे खपत नसे ते घरी यायचं, आणि रविवारी सकाळपर्यंत त्याची पार वाताहत झालेली असायची : क्रोसाँ वाळून खडखडीत, रोल चिवट. आई म्हणायची, हे कोण खाणार, दात पाडायचेत का. मग एकदा ताईने वैतागून सगळं ट्रेमध्ये फाडून टाकलं, चार अंडी दुधात फेटून वर ओतली आणि ओव्हनमध्ये सरकवलं. तिघी साडेअकराला जेवायला बसल्या. धड नाश्ता नाही, धड जेवण नाही. पोट इतकं भरलं की आई खुर्चीतच झोपून गेली. त्या दिवसापासून रविवार ठरून गेला. लग्नं झाली, ताईला बटण झाली, तरी रविवारी साडेअकराला सगळी आईच्या टेबलाशी.

आणि मग धाकटीला शहरातल्या या बेकरीचं बोलावणं आलं. आई तेव्हा आजारी होती, पण हिंडतीफिरती. ताईच म्हणाली होती, "जा तू. अशी जागा पुन्हा यायची नाही. मी आहे ना इथे." धाकटी गेली. आईचं दुखणं वाढत गेलं. ताई फोन करायची, कधी येतेस? आणि धाकटी म्हणायची, सुट्टी मिळत नाही गं, पुढच्या आठवड्यात बघते. ती पोचली तेव्हा आईला जाऊन एक दिवस झाला होता. ताई स्वयंपाकघरात कप धूत होती. धाकटी तिच्या हातातला कप घ्यायला गेली, तर ताई वळलीसुद्धा नाही. "राहू दे. पाहुणी आहेस, बाहेर बस."

धाकटी बाहेर जाऊन बसली. संध्याकाळी बस पकडून परत आली. ताई फोन करेल म्हणून ती थांबली, ताईने केला नाही, आणि असं थांबता थांबता वर्षं उलटत गेली.

त्यानंतर तिने उरलंसुरलं कधी केलं नव्हतं. एकटीसाठी अख्खा ट्रे कोण करणार, असं ती स्वतःला सांगायची. रविवारी उभ्याउभ्याच टोस्ट खायची.

पण या रविवारी ती सहालाच उठली, आणि वीस वर्षांत शिकलेलं सगळं पणाला लावलं. क्रोसाँचे सारखे तुकडे करून मंद आचेवर वाळवले. दुधात निम्मी साय घातली, अंडी फेटून गाळून घेतली, संत्र्याची साल किसून घातली. जर्दाळूचा भाग तळाशी लावला, म्हणजे वर जळणार नाही. चांगलं पांढरं गोल भांडं काढलं, आणि ते गरम पाण्याच्या परातीत ठेवून भाजलं, म्हणजे कस्टर्ड रेशमासारखं होतं. तासाभराने काढलं तेव्हा मध्यभाग नुसता थरथरत होता. मालकीणबाईंनी बघितलं असतं तर थेट कपाटात मांडलं असतं.

बटणने पहिला घास घेतला, डोळे मिटले. "बाप रे. हे हॉटेलातल्यासारखं झालंय."

"म्हणजे चांगलं?"

"चांगलंच. मस्तच." तिने चमचा भांड्याच्या कडेने फिरवला, जरा वाकून पाहिलं. "फक्त ह्यात मावशी नाही."

"मी काय?"

"तू नाही गं! मावशी. कडक असते ती." बटण बोलता बोलता स्वतःच थबकली. "थांब. आमच्याकडे ट्रे असतो ना चौकोनी, त्याच्या कोपऱ्याचा तुकडा कुरकुरीत होतो. त्याला आम्ही मावशी म्हणतो. तीन कोपरे आमचे तिघांचे. चौथा आई बाजूला काढते. लहानपणी मी भांडायचे, मला मावशी पाहिजे, मला मावशी पाहिजे. आई म्हणायची, हात लावू नकोस, ती मावशीची आहे. मला वाटायचं, त्या तुकड्याचं नावच मावशी आहे. जसं पावाला कड म्हणतात, तसं." ती धाकटीकडे बघत राहिली. "मावशीची. म्हणजे तुझी."

रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती चार वेळा गुरगुरून बंद पडली.

"आणि मग त्याचं काय करते?" धाकटीने विचारलं.

"बशीखाली झाकून ठेवते. संध्याकाळी बाबा खातात. बाबा म्हणतात, या घरात मावशीवर माझाच काय तो हक्क."

धाकटी हसली. मग ती उठली आणि रिकामी परात घासायला लागली. परातीत भाजताना नुसतं पाणी होतं, ती घासायची काही गरज नव्हती. चौथा कोपरा ताईला फार आवडतो हे तिला ठाऊक होतं. पूर्वी तो दोघी वाटून खायच्या. करपट बाजू ताईची, मऊ बाजू तिची.

त्या आठवड्यात बेकरीत तिच्या हातून दोनदा मीठ राहिलं. मालकीणबाईंनी एक रोल चाखला आणि तिच्याकडे नुसतं बघितलं. "तुमचं लक्ष कुठे आहे?"

"घरी," ती म्हणाली, आणि स्वतःशीच चमकली, कारण ती आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांबद्दल बोलत नव्हती.

पुढच्या शनिवारी तिने परत पिशवी भरून आणली. चौकोनी ट्रे घरात नव्हताच. शिंपीकाकांकडे एक निघाला, पत्र्याचा, एका बाजूला चेपलेला. त्यात ते सुयांच्या डब्या ठेवत. त्यांनी तो तीनदा विसळून दिला. "सुई सापडली तर परत करा," म्हणाले.

या वेळी तिने बटणला पुढे केलं. "तुझी आई करते तसं कर. मी मध्ये बोलणार नाही."

मध्ये न बोलणं तिला फार जड गेलं. बटणने क्रोसाँ हाताने ओबडधोबड फाडले, लहान-मोठे, कसेही. साखर अजिबात नाही. "आई म्हणते, पेस्ट्रीतच मायंदाळ असते." साय नाही, नुसतं दूध. चिमूटभर मीठ. ट्रेला लोणी मात्र असं फासलं की धाकटीने डोळे फिरवले. मग सगळं ओतून तिने वर एक ताटली ठेवली आणि ताटलीवर पाण्याची भरलेली बाटली.

"हे कशाला?"

"दाबून बसलं की दूध आतपर्यंत जातं. आईची युक्ती."

ती आईची युक्ती होती खरी, पण बटणच्या आईची नव्हे, त्या दोघींच्या आईची. बाटलीऐवजी तेव्हा इस्त्री असायची.

ओव्हनचं दार लावलं आणि बटणचा फोन वाजला. दर रविवारी अकरा वाजता ताईचा फोन यायचा. मागच्या रविवारी धाकटीने नळ सोडून ठेवला होता, ऐकू येऊ नये म्हणून. आज तिने नळाकडे हात नेला आणि मागे घेतला.

"हो आई, जेवतेय वेळेवर... हो, झोपते... आज? आज उरलंसुरलं केलंय. ओव्हनमध्ये आहे." बटण ऐकत राहिली. मग तोंड फिरवून म्हणाली, "मावशी, आई विचारतेय, भिजवलं किती वेळ?"

धाकटीने ओट्याची कड धरली. "सांग तिला, अर्धा तास."

"अर्धा तास, आई... ती म्हणते, कमी आहे. तासभर पाहिजे होतं."

"सांग, क्रोसाँ कालचेच आहेत, परवाचे नाहीत. तासभर ठेवले तर लगदा होईल."

"लगदा होईल म्हणते... आई म्हणते, लगदा बिगदा काही होत नाही, शहाणपणा शिकवू नकोस म्हणावं." बटणचे डोळे आता चमकत होते. "आच किती ठेवलीय, विचारते."

"मध्यम."

"मध्यम... ती म्हणते, ट्रे खालच्या कप्प्यात ठेव. वर ठेवला असशील तर काढ."

ट्रे वरच्या कप्प्यात होता. धाकटीने एक अक्षर न बोलता ओव्हन उघडला, ट्रे खाली ठेवला आणि दार लावलं.

"ठेवला खाली," बटण फोनमध्ये म्हणाली. "हो, काही बोलली नाही. गपचूप ठेवला." मग तिने एकदम कपाळावर हात मारला. "अय्या, शिंपीकाकांना ट्रेबद्दल सांगायचं राहिलं की, तो आज परत मिळणार नाही म्हणून! आई, एक मिनिट हं." आणि फोन टेबलावर, स्पीकर चालू करून, ठेवून ती चपला न घालताच जिना चढून गेली. काकांना हे कालच सांगून झालं होतं. धाकटीला ते माहीत होतं.

टेबलावरच्या फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग श्वास.

"ताई," धाकटी म्हणाली.

"हं."

आवाज जाडा झाला होता. पण 'हं' तोच होता, नाकातला, जरा वैतागलेला.

"पोरीला नीट खायला घालतेस ना? बारीक झाली असेल."

"नाही झाली. झाली तर जाडच झाली असेल."

"बरं."

धाकटी टेबलाजवळ आली, पण बसली नाही. या क्षणासाठी तिने एकोणीस वर्षं वाक्यं जमवून ठेवली होती. बसमध्ये, ओव्हनसमोर, झोप न येता पडल्यापडल्या. त्यातलं एकही आता सापडेना. सापडलं ते एकच, आणि ते तिने कधी जमवलं नव्हतं.

"ताई, मी सुट्टी मागितलीच नव्हती."

धाकटी बोलत राहिली.

"त्या आठवड्यात मोठी ऑर्डर होती. पहिल्यांदाच सगळी माझ्यावर सोपवली होती. मला वाटलं, आई आहे अजून. आठवड्याने जाईन. मालकीणबाईंना मी विचारलंसुद्धा नाही. तुला खोटं सांगितलं."

"माहीत आहे," ताई म्हणाली.

"काय?"

"मला तेव्हाच माहीत होतं. मी बेकरीत फोन केला होता. म्हटलं, आपण हातापाया पडून बघू, सोडतील. तर तुझ्या मालकीणबाई म्हणाल्या, तिने मागितली असती तर मी तिला गाडीत बसवून पाठवलं असतं."

धाकटी आता खाली बसली.

"मग बोलली का नाहीस?"

"मी का बोलू?" ताईचा आवाज चिरकला. "तू सांगशील म्हणून थांबले होते. त्या दिवशी कप धूत होते ना, तेव्हा वाटलं आता सांगेल. तू आलीस आणि म्हणालीस, दे, मी धुते. कप धुणार म्हणे! मला इतका राग आला. मग वाटलं, संध्याकाळी सांगेल. तू निघून गेलीस. मग म्हटलं, फोन करेल. मग म्हटलं, पत्र टाकेल." ती थांबली. "मग नुसतं म्हणत राहिले."

"मला वाटलं, तुला माझं तोंडही बघायचं नाही."

"नव्हतंच बघायचं. वर्षभर. मग बघायचं होतं."

धाकटी रडत होती आणि ते लपवण्याचा प्रयत्न करत नव्हती. पलीकडे ताई नाक ओढत होती, आणि मधूनच कोणालातरी, बहुधा भावोजींना, सांगत होती, "काही नाही, काही नाही. तुम्ही पेपर वाचा."

"ये," ती शेवटी म्हणाली.

"कधी?"

"मला काय विचारतेस? सुट्टी माग आधी," ताई म्हणाली, आणि दोघींनाही हसू फुटलं, अगदी चुकीच्या जागी, आणि आवरेना.

बटण खाली आली तेव्हा ट्रेच्या कडा काळपट झाल्या होत्या आणि धाकटीला त्याचा वासही आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी धाकटीने मालकीणबाईंकडे चार दिवस मागितले. मालकीणबाईंनी कारण विचारलं. "बहिणीकडे जायचंय," ती म्हणाली. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, बहुधा त्यांना तो जुना फोन आठवला असावा. "आठ घ्या," म्हणाल्या.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी बटण हॉस्टेलवर गेली आणि धाकटी बसमध्ये बसली. सहा तासांचा रस्ता. गाव जवळ आलं तशी ती खिडकीला नाक लावून बसली. थांब्यावर पाच-सहा माणसं उभी होती. तिने सगळी न्याहाळली. ताई नव्हती. म्हणजे आलीच नाही. ती पिशवी घेऊन उतरली, इकडेतिकडे बघत राहिली. खांबाशी एक पांढऱ्या केसांची, जरा पोक आलेली बाई कमरेवर हात ठेवून उभी होती आणि तिच्याचकडे बघत होती. धाकटीने नजर पुढे नेली. चाळिशीतली, काळ्या केसांची, ताठ चालणारी बाई शोधत होती ती. मग त्या बाईने नाकातून 'हं' केलं.

"अगं, मी इथे आहे," ताई म्हणाली. "आंधळी झालीस का?"

मिठी मारताना धाकटीला तिच्या पाठीची हाडं हाताला लागली. ताई कधीच इतकी लहान नव्हती.

घरी पहिला दिवस अवघड गेला. दोघी जास्तच सांभाळून बोलत होत्या, बशा पुढे करत होत्या, "घे ना", "नको, तूच घे". भावोजी बिचारे मध्येच हवामानाविषयी काहीतरी काढत. ताईचं घर म्हणजे आईचंच जुनं घर, पण आईची खुर्ची नव्हती. तिचे पाय निखळले तेव्हा टाकून दिली, ताई म्हणाली, कधी ते तिलाही आठवत नव्हतं. ओट्याची फरशी नवी होती. ताईचं एक मोठं ऑपरेशन झालं होतं सात वर्षांपूर्वी, आणि धाकटीला ते आत्ता, गोळ्यांची डबी बघून कळलं.

"मला कोणी सांगितलं नाही," ती म्हणाली.

"कसं सांगणार?" ताई म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. खरंच, कसं सांगणार होतं कोणी.

रात्री पडल्यावर धाकटी त्या सात वर्षांपूर्वीच्या महिन्यात आपण काय करत होतो ते आठवत राहिली. बहुतेक बदामाच्या रोलची नवी कृती बसवत होतो. फार चालली ती. ताई भूल उतरून जागी होत असेल तेव्हा आपण कदाचित बदाम भाजत असू, आणि चांगले भाजले गेले म्हणून खूश होत असू.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोघी बाजारात गेल्या. ताईच्या चालीने चालायचं म्हणजे दर दहा पावलांना थांबायचं, कारण गावात प्रत्येकजण तिला ओळखत होता. फळवाला, औषधवाला, शाळेच्या फाटकाशी उभी असलेली एक शिक्षिका. ताई त्यांच्या पोरांची नावं घेऊन चौकशी करत होती. धाकटी एक पाऊल मागे पिशवी धरून उभी राहायची. यातलं एकही माणूस तिच्या ओळखीचं नव्हतं. ताईचं हे सगळं आयुष्य तिच्याशिवाय घडलं होतं, आणि ते चांगलं, भरलेलं आयुष्य होतं. आता कितीही वेळा आलं तरी ते मागे जाऊन बघता येणार नव्हतं.

अंडीवाली बाई ताईला डझन अंडी काढून देत होती. तिने धाकटीकडे बघून विचारलं, "ह्या कोण?"

"माझी बहीण."

"तुम्हाला बहीण आहे? इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीत."

ताईने अंडी पिशवीत अगदी सावकाश ठेवली, एकेक, जणू ती मोजत होती.

"आहे की," ताई म्हणाली. "लांब असते." मग पिशवी उचलून धाकटीच्या हातात दिली, तिचा दंड धरला आणि म्हणाली, "चल गं, ऊन वाढलं."

दंडावरचा तो हात तिने घरी पोचेपर्यंत काढला नाही. चढावावर तर चांगलाच भार टाकला. धाकटी तिच्या बेताने पावलं टाकत राहिली, जितकी हळू जमतील तितकी.